खिशातले तीन फ्यूज

साक्रीकडच्या खेड्यांत विहिरीतल्या मोटरीचं दुखणं ओळखावं ते निंबाआबानंच. तीस वर्षं हेच काम. पण एक नेम कधी चुकला नाही: उतरायच्या आधी स्टार्टरच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढायचे आणि स्वतःच्या खिशात घालायचे. कुणी हसलं की म्हणायचा, "मना जीव मना खिसामा शे."

त्या दिवशी लीलाधरभाऊच्या मळ्यात हा नेम मोडला. पेटी नवी, आत सिमकार्ड. मालकानं धुळ्याला देवपुरात बसून मोबाइलवर मोटर चालवायची. ऑटोवर ठेवली, की लाइट आल्यावर दोन मिनिटांनी आपोआप सुरू. चोरांच्या भीतीनं पेटीला कुलूप, आणि किल्ली? तीही देवपुरात! वा रे शहाणपण!

"आबा, तुम्ही उतरा," लीलाधर फोनवर म्हणाला, "मी इथून ऑटो बंद केलं."

"त्या मोबाइलना काय भरोसा?" सोबत आलेली आबाची बायको नर्मदाबाई करवादली. पण कांदा माना टाकत होता आणि लाइट बाराला येणार होती. घड्याळात सव्वाअकरा. आबा उतरला.

गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यानं केबलचा जोड सोडला. तांब्याची उघडी टोकं वर धरली तोच शेजारच्या मळ्यातली मोटर गुरगुरली. लाइट आली! आज लवकर!

ऑटो खरंच बंद असेल ना? टोकं सोडावीत तर पाण्यात पडणार, आणि पाण्यात तोच उभा. धरून ठेवावीत तर शिडी चढायची कशी? आणि हातात दोन मिनिटं.

"नर्मदा! लाइट उनी! पेटी फोड!"

वर पहारीचा घाव बसला. कुलूप हललं नाही. दुसरा बसला. आबा मनात आकडे मोजत होता आणि चुकत होता. माणूस मरायच्या आधी असाच घामाघूम होत असेल, असं त्याला वाटून गेलं. तिसऱ्या घावाला पत्रा किंचाळला.

"काढात! तिन्ही काढात!" नर्मदाबाईनं फ्यूज पदरात घट्ट बांधले आणि मग मोठ्यानं रडायला लागली.

आबा वर येऊन मातीत बसला, तोच फोन वाजला.

"आबा, पेटी फोडली का कुणी?" लीलाधर तापला होता. "मला मेसेज आलाय! नवं कुलूप होतं!"

"कुलूपनं नंतर देखू, भाऊ," आबा म्हणाला. "पहिले मोबाइल देखी सांग. ऑटो बंद शे का?"

पलीकडे लीलाधरनं मोबाइलमध्ये पाहिलं.

"मी बटण दाबून फोन खिशात टाकला होता, आबा," तो म्हणाला. "तेव्हा पेटीतल्या सिमला रेंज नसेल. ऑटो अजून चालूच दाखवतंय."