गौरीच्या खांद्याचं माप

आमच्या नेमबाजी क्लबात रिकामी काडतुसं आणि किस्से, दोन्ही बाकाखाली साठत राहतात. झाडायचं कुणी मनावर घेत नाही! यंदा साठले ते सगळे गौरीच्या पहिल्या बंदुकीचे.

गौरी शाळेत पीटी शिकवते, पण चणीनं एवढीशी. लायसन्स यायचं होतं. तोवर आमच्या देखरेखीत एकेक बंदूक ट्राय करून कुठली घ्यायची ते ठरवायचं होतं. मी नेमासाठी मातीच्या तबकड्या हवेत उडवणाऱ्या मशीनवर. तिचा बार होईपर्यंत माझा पाय जागेवर ठरत नसे.

•

माढ्याचे आप्पा सहा फुटी. त्यांनी वडिलांची बारा बोअर तिच्या हातात दिली. "घे. हिच्यासारखी दुसरी न्हाय!"

खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता इतका लांब, की बोट चापापर्यंत पोचेना. मान ताणून तिनं कसाबसा बार काढला. तबकडी शाबूत गेली आणि गौरी मागं जाऊन धपकन खुर्चीत बसली.

आप्पा म्हणाले, "बगा, खुर्ची मी उगंच ठिवली नव्हती की!"

•

भवानी पेठेतले कापडवाले अण्णा म्हणाले, "पोरगी हलकी, तर बंदूक हलकी द्या की!" आणि स्वतःची दिली.

थोडेच बार झाले. मग गौरी चहाचा कप डाव्या हातानं उचलायला लागली. अण्णांनी निरखून पाहिलं. "अगं, तू डावखुरी हायस व्हय? आदी सांगायचं न्हाय का!"

बंदुका दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंनी कपाळावर हात मारला. "हल्की बंदूक ज्यादा लात मारती, अण्णा!"

•

घरी आईनं गौरीचा निळा पडलेला खांदा पाहिला. "पुन्हा असा दिसला तर क्लब बंद!"

क्लबात हे सांगताना गौरी हसत होती, पण डोळे भरलेले. मला आमचाच राग आला. सगळे आपापल्या खांद्यावरून तिची बंदूक ठरवत होतो!

सलीमभाई म्हणाले, "आप्पा की बंदूक का वजन बराबर है. काडतूस हल्का डालो, दस्ता काटो."

"वडलांच्या बंदुकीला करवत?" आप्पा ताडकन उठले.

"मगर काटे तो फिर आपके काम की नै. आखूड दस्ते में बार उडाए तो अपनाच अंगठा अपनी नाक पे बैठता!"

आप्पा बंदूक घेऊन निघून गेले. आठवडाभर मला चैन नाही.

•

रविवारी आप्पा सगळ्यांच्या आधी हजर. त्यांनी बंदूक गौरीपुढं धरली. दस्ता आखूड, टोकाला नवं रबर.

गौरीचं बोट अलगद चापावर गेलं. तबकडी उडाली, बार झाला, तुकडे! मी मशीन सोडून ओरडलो.

पुढच्या रविवारी आई स्वतःच आली. आत नेऊन तिनं लेकीचा खांदा तपासला. बाहेर आली तेव्हा चेहरा निवळला होता. "अशीच मापाची घेऊ या," म्हणाली.

मग तिचं लक्ष आप्पांकडं गेलं. नाक वांग्यासारखं सुजलेलं!

"अगंबाई! आप्पा, हे काय झालं?"

आप्पांनी रुमालानं नाक झाकलं. "पोरीचा खांदा बरा हाय न्हवं, ताई? मग झालं की!"