पाणबुडीवाल्यांचा दगड

युद्धाच्या काळात मी मुंबईच्या गोदीत फिटर होतो. गोऱ्यांच्या एका पाणबुडीच्या दुरुस्तीवर खाडीकाठच्या कोलशेत गावचे आम्ही चौघे होतो. काम संपलं की पहिल्या बुडीला, ज्यांनी हात लावला त्यांनीही खलाशांबरोबर आत बसायचं, असा तिथला रिवाज होता. त्यामुळे कुणी नट अर्धवट आवळत नसे. आम्ही बसलो. खोल गेल्यावर मी बसवलेल्या सांध्यातून एक थेंब ओघळला. शेजारच्या गोऱ्या खलाशाने तो बोटाने पुसला आणि माझ्याकडे बघून हसला. मी पाना लावून पुन्हा आवळलं. थेंब थांबला, आम्ही सुखरूप वर आलो.

पुढच्याच फेरीला ती पाणबुडी गेली ती परत आली नाही. का, ते कुणालाच कळलं नाही.

स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी आम्ही चौघांनी खाडीकाठी दगड बसवायचं ठरवलं. वर बुडालेल्या खलाशांसाठी दोन ओळी, खाली बोट दुरुस्त करणाऱ्यांची नावं. गोऱ्यांसाठी दगड कशाला, म्हणून गावात कुरकुर झाली. पाण्याने माणूस नेणं म्हणजे काय, हे खाडीकाठच्यांना मी शिकवायचं का, असं मी तोंडावर सुनावलं. पण खरं घोडं अडलं ते नावांपाशी. मेलेल्यांच्या दगडावर जित्या माणसाचं नाव कोरलं की वर्षाच्या आत त्याला बोलावणं येतं, असं म्हाताऱ्यांचं म्हणणं. एकाच्या आईने अन्न सोडलं, दुसऱ्याची बायको माहेरी निघाली. एकेक करून तिघेही मागे सरले. मी त्यांना भित्रे म्हणालो. खरं तर मीही टरकलो होतो, पण मरणाला नव्हे. तो थेंब भरल्या ताटावर बसलो तरी आठवायचा आणि घास उतरायचा नाही.

पाथरवट आला त्या दिवशी अर्धं गाव जमलं. वरच्या दोन ओळी कोरून झाल्या तशी माझी बायको गर्दीतून पुढे आली आणि दगडासमोर आडवी उभी राहिली. महिनाभर तिने या विषयावर चकार शब्द काढला नव्हता.

“तुमचा काम पक्का व्हता ना?” तिने विचारलं.

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. हो म्हणणं सोपं होतं.

“ठाव नाय,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली.

“मंग नाव पायजेच,” ती म्हणाली आणि बाजूला झाली.

पाथरवटाने नाव विचारलं. मी वरच्या दोन ओळींवरून हात फिरवत राहिलो. त्याने पुन्हा विचारलं. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं मानणारी माझी बायको. लग्नातल्या उखाण्यानंतर तिने ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिने पदर कपाळापर्यंत ओढला आणि सगळ्या गावासमोर माझं नाव सांगितलं, आडनावासकट.