जोडशाळेला न पाठवलेलं पांढरं कार्ड

फरीदाबादच्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवते, तिची नॉर्वेतल्या एका समुद्रकाठच्या शाळेशी जोडी जमली, तेव्हा कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. कामं लिहून काढायची आणि एकेक खोडायची, ही माझी सवय स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत होती. दोन्ही शाळांनी एकच प्रयोग करायचा, व्हिडिओ कॉलवर निकाल समोरासमोर मांडायचे आणि त्यावर मुलांनी बोलायचं, असं ठरलं होतं.

पहिला प्रयोग हवेचा होता. पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा, मधल्या चौकोनात पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. मुलांनी तो आपण झोपतो त्या खोलीच्या खिडकीबाहेर आठवडाभर टांगायचा, मग भिंगाखाली पाहायचा. खराब झालं तर असावं म्हणून मी प्रत्येकाला एक जादा कार्ड दिलं. घरोघरी दिवाळीची साफसफाई चालू होती, तेव्हा मुद्दाम थांबले. भाऊबीज झाल्यावर कार्डं टांगायला सांगितली.

कार्डं परत आली ती करड्यापासून काळ्यापर्यंत सगळ्या छटांची. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. "मॅम, मेरा सबसे काला," म्हणून एकाने तर कार्ड मिरवलं. नॉर्वेहून आलेल्या फोटोंत कार्डं जवळजवळ कोरी होती. "इन्होंने टाँगा भी था कि नहीं?" कोणीतरी मागून विचारलं, आणि वर्ग हसला.

आमच्यातही एक कार्ड तसंच कोरं होतं. ते आमच्या वर्गातल्या एकुलत्या एक मराठी मुलीचं होतं. तिचे वडील इथल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. घर हायवेला लागून, मागे भट्ट्यांच्या चिमण्या. थंडी सुरू झाली की या मुलीला दम लागायचा. दप्तरात पंप असायचा आणि प्रार्थनेच्या वेळी ती भिंतीला टेकून उभी राहायची. तिच्या खिडकीवरचं कार्ड पांढरं असणं शक्य नव्हतं.

तिला विचारलं, तर ती म्हणाली, "मॅम, मी तर रोज बघत होते. गुरुवारपर्यंत पूर्ण ब्लॅक झालेलं. शुक्रवारी एकदम क्लीन!" तिलाही कोडंच पडलं होतं.

प्राचार्यांना मात्र ते कार्ड फार आवडलं. "यही दिखाइए. बाहर वालों के सामने अच्छा लगेगा. बाकी दो-तीन हल्के वाले छाँट लीजिए."

"सर, फिर प्रयोग किस बात का?" मी विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, देश की बात है."

त्यांच्याशी तिथेच वाद घालण्यापेक्षा आधी मुलीच्या आईला बोलावून घेतलं. ती दुसऱ्या दिवशी डबा पोचवायच्या निमित्ताने आली. आम्ही प्रयोगशाळेत बसलो. तिच्याशी मराठीत बोलायला लागले तशी तिची मान खाली गेली.

"ताई, मीच बदललं," ती म्हणाली. "तुम्ही जादा दिलं होतं ना, ते लावलं. जुनं फेकून दिलं."

"का हो?"

"दिवाळीला घासून लख्ख केलेली खिडकी, आणि तिथे हे असलं काळं! परदेशात दाखवणार म्हणे. म्हणतील, हिच्या आईला घर पुसता येत नाही." ती हसली, पण ते हसणं टिकलं नाही. मग तीच पुढे म्हणाली, "आणि हे रविवारी घरी असतात. त्यांच्या नजरेला पडलं असतं."

मग सगळं सांगून झालं. डॉक्टरांनी हवा बदलायला सांगितली होती. यंदा त्रास वाढला तर मुलीला कराडला मामाकडे ठेवायचं, असं वडिलांनी ठरवलं होतं. नोकरी सोडून सगळ्यांनी जाणं जमण्यासारखं नव्हतं. आईला वाटत होतं की डॉक्टर सगळ्यांनाच तसं सांगतात, थंडी गेली की होईल बरं. "एकुलती एक आहे, ताई. तिच्याशिवाय त्या घरात मी काय करू?"

मी तिच्यापुढे आणखी एक कोरं कार्ड ठेवलं. म्हटलं, "हे टांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. नाही टांगलंत तर तिच्या नावापुढे मी 'निकाल नाही' असं लिहीन. पण पांढरं कार्ड पाठवणार नाही."

"तुम्ही यांना सांगाल?"

"मी नाही सांगणार. ते तुमच्या घरातलं आहे."

ती कार्ड पर्समध्ये ठेवून गेली. प्राचार्यांना मी सगळी कार्डं जशी आली तशीच जातील, एवढंच कळवलं. ते दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. नॉर्वेच्या शिक्षिकेला कॉल पुढे ढकलायची विनंती केली आणि कारण खरं तेच लिहिलं, एक नमुना पुन्हा घ्यायचा आहे.

पुढच्या आठवड्यात आई पुन्हा आली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कार्ड तिने टेबलावर उघडलं. चौकोन काळा होता, आणि जेलीच्या कडेलाही काजळीची रेघ होती.

"हात नाही लावला," ती म्हणाली. "यांना बोलावून मीच दाखवलं. रात्री ती खोकत होती, तेव्हा राहवलं नाही."

"मग?"

"यांनी लगेच तिचा पलंग आतल्या खोलीत ओढला. मार्चमध्ये परीक्षा झाली की कराड." तिने वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "चहा नको, ताई. निघते."

कॉलच्या दिवशी मुलीने आपलं कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं. इंग्रजी नीट पाठ केलं होतं. कुठे टांगलं, किती दिवस, भिंगाखाली काय दिसलं, न अडखळता सांगितलं. पलीकडे कोणी हसलं नाही. जाड स्वेटर घातलेल्या एका मुलीने विचारलं, "तू याच खोलीत झोपतेस?"

"आता नाही," आमची मुलगी म्हणाली. प्राचार्य माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. देशाचं नाव काही काढलं नाही.

मार्चमध्ये मी तिचा दाखला तयार केला. वर्गाने तिला एक पेन-सेट दिला. ती जाताना म्हणाली, "मॅम, तिकडे सगळेच मराठीत बोलतात. माझ्या मराठीला हसतील." मी म्हटलं, "हसू देत. महिनाभरात तूच त्यांना हसशील." आई फाटकाबाहेर रिक्षात बसून होती, आत आली नाही.

पुढच्या थंडीत तोच प्रयोग पुन्हा केला. तिचं कराडहून पत्र आलं होतं. दम कमी आहे, धावण्याच्या शर्यतीत नाव दिलं आहे. आई सुट्ट्यांत येऊन जाते. ते पत्र मी वर्गात वाचून दाखवलं.

कॉल लागला तेव्हा स्वेटरवाल्या मुलीने पहिल्यांदा तिचीच चौकशी केली. मी सांगितलं, तिच्या वडिलांनी तिला चांगल्या हवेत, नातेवाइकांकडे पाठवलं आहे, आणि ती आता धावते. पलीकडे टाळ्या वाजल्या. मग तीच मुलगी, सरळ मनाने, म्हणाली, "आणि बाकीचे?"

माझा वर्ग माझ्याकडे बघत होता. उत्तर त्यांनाही हवं होतं.

"बाकीचे इथेच आहेत," मी म्हणाले, आणि मुलांना कार्डं वर धरायला सांगितलं.