बाबांच्या व्हॅनमध्ये अडकले तेव्हा

आज दुपारी मी माझ्याच कॉकटेल बारमध्ये अडकून पडले!

गोल दिव्यांच्या ज्या जुन्या व्हॅनमधून बाबांनी वर्षानुवर्षं शाळेची मुलं नेली, तिचा मी फिरता बार करतेय. म्हणून महिनाभरापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

आज धायरीत, आमच्या दारातच उभ्या व्हॅनमध्ये काम करताना मागचं दार लॉक झालं. पुढची वाट नव्या काउंटरनं अडवलेली. घरी फक्त बाबा. घामाघूम झाल्यावर शेवटी त्यांनाच फोन केला.

त्यांनी बाहेरून दार उघडलं.

"मुलं अडकू नयेत म्हणून आतून उघडायला कडी बसवली होती मी. का काढलीस?"

"दिसायला बरी नव्हती, बाबा."

ते ग्लासांकडे बघून निघून गेले.

बार सोडवत नाही, त्यांचा अबोला सोसवत नाही. तुम्ही काय केलं असतं?