गयाकाकूंचा ओटा

गयाबाई रामटेके आमच्या शेजारी राहतात. लखनौच्या इंदिरा नगरात मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे लग्न होऊन मी इथे आले तेव्हापासून त्या माझ्या काकू आणि त्यांचे मिस्टर ईश्वर रामटेके माझे काका. मूळचे भंडाऱ्याचे. काका दूरसंचार खात्यातून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. मुलगा आशुतोष बंगळुरूला असतो.

काकूंना काचबिंदू झाला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. नजर आधी कडेनं गेली, मग मधूनही गेली, आणि आता उजेड आहे की अंधार एवढंच त्यांना समजतं. तरी घरात त्या अशा वावरत की नवख्याच्या पटकन लक्षात येऊ नये. हाताची मागची बाजू भिंतीला हलकेच टेकवायची आणि चालायचं. एक गोष्ट मात्र सुटली होती, स्वयंपाक. एकदा पदराला झळ लागली आणि काकांनी त्यांचं गॅसपाशी जाणंच बंद केलं. जेवणाचा डबा लावला. चहा काका स्वतः करत. तो चहा मी प्यायलेय, म्हणून सांगते, काकूंची सहनशक्ती मोठी.

गेल्या वर्षी बाथरूमची ओल हॉलपर्यंत आली. प्लास्टरचे पापुद्रे सोफ्यावर पडायला लागले. आशुतोषनं फोनवर सांगितलं, "पापा, अब पूरा घर ही करवा लीजिए." त्याला मराठी सगळं कळतं, पण तोंडात हिंदीच येते.

काका कामाला लागले. पहिला कॉन्ट्रॅक्टर गोमती नगरातून आला. टॅबवर त्यानं चित्रं दाखवली. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत काढायची, सगळं मोकळं, एकदम हॉटेलसारखं. काका हरखून एकेक चित्र काकूंना सांगत होते. काकू ऐकून घेत होत्या. तो गेल्यावर म्हणाल्या, "चांगलं असेल. पण मधली भिंत काढली तर मी जाऊ कशी?"

काकांच्या तेव्हा ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या कॉन्ट्रॅक्टरला नको म्हणून कळवलं.

दुसरा आला, तो म्हणाला, काम होईपर्यंत भाड्यानं दुसरीकडे राहा. अनोळखी घरात काकूंना घेऊन राहायचं म्हणजे काय, हे त्याला सांगूनही उमगलं नाही. काका म्हणाले, "राहू दे गया. ओल तर ओल. आपण सोफा सरकवू."

तिसरं नाव मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी दिलं. इंद्रजित. लखनौबाहेरच्या बख्शी का तालाब गावचा, चाळिशीचा माणूस, स्कूटरवरून आला. पाणी प्यायला, भिंतीवर हात फिरवला आणि काकांना विचारलं, "बाबूजी, घर में सबसे ज़्यादा कौन रहता है?"

"मैं रहती हूँ," काकू आतून म्हणाल्या.

"तो अम्मा, आप ही घुमाइए हमको."

काकू उठल्या आणि त्यांनी त्याला घर दाखवलं. मी तिथेच होते. तो त्यांच्या मागून, त्यांच्या हाताकडे बघत चालला होता. हात कुठे भिंतीला लागतो, कुठे सुटतो, कपाट ओलांडून परत कुठे टेकतो. फेरी संपल्यावर त्यानं सरळ कबूल केलं, "अम्मा, ऐसा घर हमने कभी बनाया नहीं. गलती हो सकती है. आप टोकती रहिएगा."

काकूंनी काकांना मराठीत सांगितलं, "याला द्या काम."

काम एकेका खोलीचं करायचं ठरलं, म्हणजे दोघांना घर सोडावं लागणार नव्हतं. धूळ, ठोकाठोकी, ओल्या सिमेंटचा वास, सगळं सुरू झालं. संध्याकाळी मजूर निघण्याआधी इंद्रजित चालायची वाट मोकळी करून घ्यायचा आणि काकूंना हात धरून फिरवायचा. "यहाँ बोरी है. यहाँ फर्श अभी कच्चा है." काकूही मग हक्कानं टोकायच्या. "भैया, ही टाइल गुळगुळीत आहे, ओल्या पायानं मी पडीन." हे निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत असायचं, पण टाइल बदलून यायची.

आणि तरी चूक झालीच. बाथरूमचं नवं दार सुतारानं बाहेर उघडणारं बसवलं. अर्धवट उघड्या राहिलेल्या त्या दारावर काकू कपाळानं आदळल्या. भिवईवर टेंगूळ आलं, रक्त आलं. काकांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. आशुतोषनं फोनवर सांगितलं, त्या माणसाला आजच काढा.

इंद्रजित धावत आला. सुताराचं नावसुद्धा त्यानं घेतलं नाही. काकूंच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसला. "गलती हमारी है अम्मा. बाबूजी कहें तो हम काम छोड़ देंगे. लेकिन दरवाज़ा ठीक करके जाएँगे."

काकू कपाळावर ओला रुमाल धरून बसल्या होत्या. त्याला हिंदीत जे म्हणाल्या ते असं, "लागलं त्याचं काही नाही रे. आता हे मला बाथरूमलाही एकटीला जाऊ देणार नाहीत, त्याची भीती वाटते. गॅस असाच गेला माझा."

काका समोरच उभे होते. ते खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत राहिले.

इंद्रजितनं विचारलं, "अम्मा, चाय कौन बनाता है घर में?"

"हे."

"कैसी बनाते हैं?"

काकू हसल्या. टेंगूळ दुखत असताना हसल्या. मग काकाही वळले आणि म्हणाले, "खराब बनाता हूँ. तुम काम करो."

ठरलेल्या कामात स्वयंपाकघराला नुसता रंग द्यायचा होता. इंद्रजितनं ते पुन्हा मोजलं. मग दोन दिवस काही हालचाल नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याच्या बोटावर भाजल्याचा फोड होता. घरी गमछ्यानं डोळे बांधून त्यानं चहा करून पाहिला होता. त्याची बायको सरला आधी खूप हसली, मग दूध सांडल्यावर तिनं त्याला बाहेर हाकललं, मग तिनं स्वतः डोळे बांधले. सरलानं काय काय सांगितलं ते तो काकूंना सांगत होता आणि काकू आणखी भर घालत होत्या. कधी न भेटलेल्या दोन बायका त्याच्या तोंडून एकमेकींशी बोलत होत्या म्हणा ना.

ओटा तयार झाला. कडेला बोटभर उंच पट्टी, म्हणजे पातेलं सरकून पडणार नाही. शेगडी भिंतीशी, दगडात बसवून पक्की केलेली. गॅसच्या अलीकडे एक खरखरीत टाइल, हाताला लागली की समजावं, पुढे आच आहे. साखर, चहा, मीठ खांद्याच्या उंचीवर, डबे वेगवेगळ्या आकाराचे. बाथरूमचं दार आता सरकतं.

पहिला चहा काकूंनी सगळ्या मजुरांना केला. काका हॉलमध्ये उभे होते. दोनदा आत जायला निघाले आणि दोनदा थांबले. काकू कप भरताना मान थोडी तिरकी करून ऐकत होत्या. कप भरत आला की आवाज बदलतो, त्या सावकाश हात उचलत. एक कप सांडला. कुणी धावलं नाही. त्यांनीच फडकं घेऊन पुसलं. इंद्रजित भिंतीकडे तोंड करून प्लास्टर तपासत उभा राहिला, बराच वेळ.

चहा झकास होता. आलं जरा जास्त होतं.

नंतर काकू हळूहळू भात, वरण, मग भाकरीपर्यंत आल्या. आशुतोष दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा आईच्या हातची सांबारवडी, म्हणजे विदर्भातली कोथिंबीर भरून तळलेली वडी, खाऊन स्वयंपाकघरातच बसून राहिला. नंतर त्यानं इंद्रजितला फोन केला. काय बोलला ते मला माहीत नाही, पण बराच वेळ बोलत होता, आणि "भैया" म्हणत होता.

या जानेवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, काका तापानं अंथरुणाला खिळले. मी सकाळी डोकावायला गेले तर काकू त्यांना तांदळाची पेज भरवत होत्या. त्यांचा डावा हात काकांच्या हनुवटीखाली होता, म्हणजे चमचा चुकू नये. काका गुपचूप खात होते. मला पाहून म्हणाले, "स्नेहा, मी तिला इतकी वर्षं सांभाळत होतो असं समजत होतो गं."

"बोलू नका, सांडेल," काकू म्हणाल्या.

ताप उतरल्यावर काका म्हणाले, आपण इंद्रजितच्या घरी जायला हवं. आम्ही टॅक्सी करून बख्शी का तालाबला गेलो. काकूंनी सरलासाठी साडी घेतली होती आणि डबाभर सांबारवडी केली होती. सरलानं दारातच त्यांना मिठी मारली. काकांनी वाटेत आभाराचं छोटं भाषण तयार केलं होतं. इंद्रजित समोर आल्यावर ते बाजूलाच राहिलं. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. मागे मोहरीचं शेत पिवळं झालं होतं, आणि सरला काकूंना तिथवर नेऊन फुलं हातात देत होती.