उन्हाळ्यात बांधलेला संघ

उन्हाळ्यात जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्यात गच्चीगच्चीवर बिबडे आणि कुरडया वाळत असतात आणि मी सावलीला बसून संघ बांधत असतो. फुटबॉलचा. ज्या क्लबसाठी बांधतो त्याचं मैदान आमच्यापासून रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर आहे आणि मालकाला मी जिवंत आहे की मेलो याचा पत्ता नाही. तरी मोसम संपला की कोणाला ठेवायचं, कोणाला नारळ द्यायचा, कोणती जागा कशी भरायची, हे मी ठरवतो. बायको म्हणते, एवढं डोकं ठिबक सिंचनाच्या दुकानात चालवलं असतं तर दुकान तुमचं झालं असतं. दुकान आमच्या शेठचं आहे, त्यांचंच राहणार आहे. क्लबचं नाव इथे लिहीत नाही. ते पुन्हा तोंडात आणायचं नाही असं ठरवलंय.

दोन वर्षांपूर्वीचा माझा प्लॅन चुकीचा नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. बचावातला परदेशी खेळाडू थकला होता, त्याला वळायलाच मालगाडीइतका वेळ लागायचा. त्याला सोडा. परदेशी खेळाडूची ती जागा मोकळी झाली की तिथे गोल मारणारा आणा, कारण आमचे पुढचे तिघं गोलसमोर पोचले की दर्शनाला आल्यासारखे उभे राहायचे. डावा बॅक नवा हवा, देशातलाच, तरुण, पळणारा. मधल्या फळीतल्या पोरांना हात लावू नका, ती अजून एका मोसमात पिकतील. आणि गोलकीपर. पहिला गोलकीपर वयामुळे थांबत होता. बाहेर शोधत बसू नका, दुसऱ्यालाच पहिला करा, आणि तिथे वाचेल तो सगळा पैसा डाव्या बॅकवर घाला.

दुसरा गोलकीपर माझा भाचा होता.

चाहत्यांच्या ग्रुपवर प्लॅन टाकला आणि लोकांना खाऊ मिळाला. कुणी लिहिलं, ‘मामांनी संघ नाही, वरात काढलीय.’ भाचा केळीच्या मुलखातला म्हणून कुणी केळ्यांची चित्रं टाकली. अरे, मी या क्लबचा चाहता झालो तेव्हा हा भाचा भडगावला आजोळी येऊन गिरणेच्या वाळूत चेंडूमागे धावत होता! त्या मोसमाच्या शेवटच्या काही सामन्यांत पहिला जायबंदी झाला म्हणून भाच्याला उभं केलं, आणि त्यानं काय अडवलं नाही? पेनल्टीसुद्धा अडवली. तेव्हा हेच लोक त्याला वाघ म्हणत होते. उन्हाळा लागला आणि वाघाचा मामाचा लाडका झाला. मी प्रत्येकाला उत्तरं दिली, आणि ती इथे छापण्यासारखी नाहीत.

मोसम संपल्यावर भाचा घरी आला होता. माझी थोरली बहीण, अक्का, रावेरकडे दिलेली आहे. दाजींची केळीची बाग आहे. तिथेच ओट्यावर सगळे बसलेले असताना क्लबच्या व्यवस्थापकाचा फोन आला. मीही त्या दिवशी तिथेच होतो. भाच्यानं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. व्यवस्थापक हिंदीत गोड बोलला. तू आमच्या योजनेत आहेस, पहिला गोलकीपर तूच, दुसरीकडे कुठे बोलू नकोस, कागद पुढच्या आठवड्यात पाठवतो. मला आनंदानं काय करू नि काय नको झालं. माझा प्लॅन आणि क्लबचा प्लॅन एकच निघाला होता! अक्कानं घरात जाऊन देवापुढे साखर ठेवली.

दाजी मात्र शांतपणे म्हणाले, "त्यानं हो म्हटलं ना? मंग झालं."

त्या भागात केळीचा सौदा असाच होतो. व्यापारी बागेत येतो, घड बघतो, भाव बोलतो, कटाईचा दिवस ठरतो. कागद नाही, सही नाही. एकदा हो म्हटलं की शेतकरी दुसऱ्या व्यापाऱ्याचा फोनही उचलत नाही, मग रातोरात भाव चढो की पडो. व्यापाऱ्यानंही ट्रक पाठवायचाच. जो फिरतो त्याचं नाव गावोगाव होतं आणि पुढच्या हंगामात त्याच्या बांधावर कुणी उभं राहत नाही. दाजी याच रीतीवर मोठे झाले, आणि त्यांचा मुलगाही.

म्हणून जे झालं ते झालं. काही दिवसांनी पूर्वेकडच्या दुसऱ्या एका क्लबचा फोन आला. त्यांना पहिला गोलकीपर हवा होता, आणि कागद तयार होता, तो फक्त सही करून पाठवायचा होता. भाच्यानं सांगून टाकलं, मी आधीच शब्द दिलाय. आभार मानले आणि फोन ठेवला. मला हे कळलं तेव्हा आठवडा उलटून गेला होता. मी दुकानातून थेट रावेरची गाडी पकडली आणि ओट्यावर पाय ठेवताच सुरू झालो.

"दाजी, ही केळी नाही! क्लबवाल्यांचा कागद आल्याशिवाय दुसऱ्याला नाही म्हणायचं नसतं!"

"केयीचा सौदा असो का पोराचा," दाजी म्हणाले, "एकाले हो म्हनून दुसऱ्यासंगं भाव करत बसायचं? आमच्यात तसं नाही करत."

"निदान एखादा दलाल तरी नेमा. सगळ्या खेळाडूंचा असतो."

"दलाल मले नको सांगू. जलमभर पाह्यले मी दलाल."

भाचा खाली मान घालून बसला होता. मी त्याच्याकडे वळलो, तर तो म्हणाला, "मामा, बाबांनी नाही, मीच नाही म्हटलं. मले पटलं नाही." आता बापावर चिडायचं की मुलावर? मी दोघांवरही चिडलो. अक्का माझ्यासाठी पाणी घेऊन आली होती, ती तांब्या तसाच परत घेऊन गेली.

पुढचा आठवडा येत राहिला आणि कागद येईना. भाचा फोन करी तेव्हा व्यवस्थापक मीटिंगमध्ये असे. मग तो फोनच उचलेना. आणि एके दिवशी दुपारी, मी दुकानात नळ्यांची बंडलं मोजून घेत असताना ग्रुपवर फोटो आला. भाचा चेंडूवर झेपावलेला, खाली मोठ्या अक्षरांत धन्यवाद आणि पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. तासाभरात दुसरा फोटो, नव्या गोलकीपरचा, हातात क्लबचा टी-शर्ट धरून हसणारा. भाच्याला कुणी फोन केला नव्हता. त्यालाही तो फोटोच दिसला.

ग्रुपवर लाल बदामांचा पाऊस पडला. एकानं लिहिलं, ‘मामांच्या प्लॅनमधलं आता काय उरलं?’ मी त्याला जे लिहिलं त्यामुळे मला ग्रुपमधून काढलं. बरं झालं. शुभेच्छा देणाऱ्यांचं तोंड मला बघायचंच नव्हतं. पूर्वेकडच्या क्लबनं तोवर आपली जागा भरली होती. बाकीच्यांचेही संघ भरत आले होते. माझ्यासारखा माणूस घरबसल्या सांगू शकत होता की देशात पहिल्या गोलकीपरची एकही जागा रिकामी राहिलेली नाही. मी ते सगळे संघ पुन्हा पुन्हा तपासले आणि दर वेळी फोन गादीवर आपटला.

अक्काचा फोन आला. माझ्याशी ती अजून माहेरच्याच बोलीत बोलते. "भाऊ, त्यासले आते काही बोलू नको. दोन दिन व्हयनात, त्या जेवेल नहीत." दाजी दोन दिवस जेवले नव्हते. मुलाची नोकरी गेली याहूनही त्यांना एक गोष्ट खात होती: शब्द देणारा माणूस फिरला कसा.

आणि मग दाजींनी तेच केलं जे त्यांच्याकडे करतात. व्यापारी फिरला तर गावातल्या एका जाणत्या माणसाला सोबत घेऊन त्याच्या दारात जाऊन बसायचं आणि निकाल लागेपर्यंत त्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. दाजींनी गावातल्या एका म्हाताऱ्या आबांना तयार केलं. मी म्हणालो, दाजी, तिथे काचेचं ऑफिस आहे, दारातला पहारेकरी आत सोडणार नाही. ते म्हणाले, मग पायरीवर बसू. त्यांना एकटं कसं सोडणार? शेठकडे रजा मागितली. एरवी रजेसाठी ते रडवतात. पण क्लबवाल्यानं शब्द फिरवला हे ऐकून त्यांनी हातातला कॅल्क्युलेटर खाली ठेवला आणि म्हणाले, जा, पाहिजे तेवढे दिवस जा.

आम्ही खरंच पायरीवर बसलो. धोतर-टोपीतले आबा, पांढऱ्या पायजम्यातले दाजी आणि क्लबचा जुना टी-शर्ट घातलेला मी. तो टी-शर्ट मी का घातला होता, देव जाणे. ऊन चढल्यावर आम्हाला आत बोलावलं. व्यवस्थापक तरुण होता, अदबशीर होता, त्यानं आबांसाठी खुर्ची स्वतः सरकवली. चहा आला. आबांनी आणि दाजींनी कपांकडे पाहिलंही नाही. मीही घेतला नाही.

दाजींनी एकच प्रश्न विचारला. मी त्याचं हिंदी केलं. "तुम्ही त्याला शब्द दिला होता की नव्हता?"

माझी अपेक्षा होती, तो नाकारेल. खोटं बोलेल, मग मी पेटेन, मग काहीतरी होईल. पण तो सहज हसून म्हणाला, "दिया था, अंकल. लेकिन फुटबॉल में ऐसा होता है."

याचं मराठी करायची गरज पडली नाही. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं, हो म्हणून हसणाऱ्याशी भांडायची रीत दाजींना माहीत नव्हती. व्यवस्थापकानं कपाटातून भाच्याच्या नावाचा टी-शर्ट काढला, सगळ्या संघाच्या सह्या असलेला, आणि दाजींच्या मांडीवर ठेवला. आठवण म्हणून. माझ्या डोक्यात जाळ झाला. मी तो टी-शर्ट उचलून त्याच्या टेबलावर भिरकावला, चहाचा कप लवंडला, त्याच्या लॅपटॉपवर चहा सांडला, आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटलेलं नाही. पहारेकऱ्यानं आम्हाला बाहेर काढलं. पायरीवर आबा दाजींना म्हणाले, "चाल भो, घरी जाऊ." आम्ही जळगावची गाडी धरली.

भाच्याला त्या मोसमात कुणी घेतलं नाही. तो धुळ्याला गेला, देवपुरात, जिथे तो शिकला त्या कॉलेजच्या मैदानावर रोज सकाळी एकटा सराव करायला. कॉलेजनं त्याला पोरांना फुटबॉल शिकवायची नोकरी देऊ केली होती. तो त्यांना थांबा म्हणाला होता. पुढचा उन्हाळा लागला, पुन्हा संघ बांधायचे दिवस आले, तेव्हा त्यानं मला बोलावलं. मी पहाटेची एसटी धरून गेलो.

मैदानावर दोन पोरं त्याच्यावर चेंडू मारत होती. मी गोलच्या मागे उभा राहून बघितलं. उजवीकडे तो पूर्वीसारखाच होता. डावीकडे जाताना उशीर होत होता, थोडासाच, पण चेंडू तेवढ्यातच आत जातो. वर्षभर खऱ्या सामन्यात उभा न राहिलेल्या गोलकीपरचं हेच होतं. मी इतके संघ बांधलेत, मला दिसणार नाही तर कोणाला दिसणार? मला पाहून त्यानं पोरांना थांबवलं आणि तो माझ्याजवळ आला.

"मामा, खरं सांग. यंदाच्या संघात तू मले घेतलं असतं का?"

त्याच्यासाठी मी ग्रुपशी भांडलो होतो, दाजींशी भांडलो होतो, काचेच्या ऑफिसात चहा सांडून आलो होतो. हो म्हणणं एवढं सोपं होतं. पण मी हो म्हणालो असतो तर तो आणखी एक वर्ष फोनची वाट बघत या मैदानावर झेपा घेत राहिला असता.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. हातमोजे काढले, एकावर एक ठेवले आणि म्हणाला, "मंग आज कॉलेजात हो सांगून टाकतो."

तो पायऱ्या चढून ऑफिसकडे गेला आणि मी मैदानात तसाच उभा राहिलो. त्या हसऱ्या व्यवस्थापकाची खुर्ची, त्याचा लॅपटॉप, त्याचा क्लब, सगळं जळून गेलं तरी माझा राग जाणार नाही. त्याला भाच्याला काढायला एक फोटो पुरला. ते त्याला तोंडानं सांगायची पाळी मात्र माझ्यावर आली.