डाव्या तळहातावरचा देव

त्या वर्षी माझा डावा हात माझं ऐकेनासा झाला होता. हैदराबादेतल्या एका कचेरीत मी परदेशी डॉक्टरांनी सांगितलेल्या नोंदी कानाला यंत्र लावून ऐकायची आणि टाइप करायची, दिवसाचे नऊ तास. आधी मनगटाला मुंग्या आल्या, मग कोपरापर्यंत कळ चढू लागली. डॉक्टरांनी नस दबल्याचं सांगितलं, मनगटाचा पट्टा दिला, महिनाभर विश्रांती घ्या म्हणाले. मी पट्टा पिशवीत टाकला आणि गोळ्या घेऊन काम चालू ठेवलं. कचेरीत कळलं तर जागा जाईल आणि घरी कळलं तर माझे वडील, आप्पा, हुमनाबादला परत बोलावतील, ही भीती. आमच्या घरातून नोकरीसाठी बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी होते.

इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे असेल, स्वभावामुळे असेल, पण मला काही होतंय हे सांगणं मला कधी जमलं नाही. देवाशीही तसंच. आमच्याकडे गळ्यातलं इष्टलिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन, त्याच्यावर नजर लावून पूजा करतात. हैदराबादच्या वसतिगृहात मी ती लाजत, घाईने उरकायची. हात दुखू लागला आणि तीही सुटली. ज्याला आपण साधा तळहात देऊ शकत नाही त्याच्याकडे काय मागायचं, असं वाटे.

आठवडाभराची सुट्टी घेऊन घरी आले तेव्हा आई मला करजगीकडे, तिच्या माहेरच्या मठात जत्रेला घेऊन गेली. सोमवारी मला कामावर हजर व्हायचं होतं आणि शनिवारी सकाळी डाव्या हाताने मला पाण्याचा तांब्याही उचलवत नव्हता. ओसरीवर बायका पूजेला बसल्या, आई पुढच्या रांगेत. मी सगळ्यांच्या मागे खांबाशी बसले आणि ओढणीच्या आडोशाने लिंग उजव्या हातावर घेतलं. आमच्यात असं कुणी करत नाही. मला वाटलं, कुणाला दिसणार नाही.

खांबापलीकडे एक म्हातारी दासोहासाठी, म्हणजे सगळ्या भक्तांच्या जेवणासाठी, मेथी निवडत बसली होती. खांद्यावर घोंगडी. धनगराची होती, हे तिनेच नंतर सांगितलं. पूजा संपताच ती हळूच म्हणाली, "डावा हात दुखायलाय व्हय गं?"

"नाही."

"न्हाई कामून म्हनतीस? आमचं मेंढरूबी असंच करतंय. पायात काटा मोडला तरी मानूस बघायला लागलं की नीट चालतंय. मग दुसऱ्या दिशी कळपाच्या मागं पडतंय."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.  तिने माझा चांगला हात धरून मला स्वयंपाकाच्या पडवीत नेलं. निरगुडीचा पाला आणि जाडं मीठ तव्यावर गरम केलं, जुन्या कापडात बांधलं, ती पोटळी आधी स्वतःच्या दंडाला लावून पाहिली आणि मग माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत शेकत आली. दाबलं नाही, चोळलं नाही. मग करडईचं कोमट तेल लावलं आणि म्हणाली, "आता घे बघू तुझा देव."

मी सवयीने हात ताठ उचलला. तिने कोपरावर टिचकी मारली. "अगं, देव काय पळून चाललाय व्हय, इतकं ताठ धरलीस? कोपर मांडीवर टेकव. खांदा सोड. श्वास तर घे!"

भाकरी थापणारी एक बाई म्हातारीला ओरडून म्हणाली, "अव्वा, तुझ्या गळ्यात लिंग न्हाई, आन् आमच्या पोरीला पूजा शिकवायलीस व्हय?"

"पूजा तू शिकीव बाई. मी हात शिकवायले."

पडवीत हशा पिकला. मी कोपर मांडीवर टेकवलं, मान खाली केली. कित्येक महिन्यांनी मला माझा स्वतःचा श्वास ऐकू आला. कळ गेली नाही. पण भांडून दमलेलं मूल कोपऱ्यात बसावं तशी ती बसली. मी देवाला त्या क्षणी काहीच मागितलं नाही, आणि तरी काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं.

"आईला सांगितलीस?" अव्वाने विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. "मग मला कळून काय उपेग? मी दुपारच्या गाडीनं चालले. रोज शेकनार कोन?"

मी आईला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. माझं मनगट मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "घरी आल्यापासनं तू पूजेला बसंनास. मला वाटलं, शहरात जाऊन देव सोडलीस. कुनाला बोलून दाखवू?" माझ्या लपवण्याने मी एकटीच दुखत नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

त्याच दिवशी गावातल्या फोनवरून मी कचेरीत वरिष्ठांना खरं ते सांगितलं आणि महिनाभराची रजा मागितली.  मग बिनपगारी रजा मिळेल असं उत्तर आलं. जागेचं मात्र परत आल्यावर बघू. घरी परतून आप्पांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आधी हात, मग नोकरी." नोकरी सोडून परत ये, असं ते म्हणालेच नाहीत.

महिनाभर पट्टा, विश्रांती, सकाळ-संध्याकाळ शेक, कोमट पाण्यात बोटं मिटणं-उघडणं चाललं. हात हळूहळू माणसात आला आणि जागाही राहिली. आता काम करताना मी मधूनमधून थांबते, खांदे सोडते. अव्वाला नंतर खूप शोधलं. नाव विचारायचं राहून गेलं होतं, आणि मठात कुणालाच ते ठाऊक नव्हतं. तिला देवाने पाठवलं का, हे मी ठरवत नाही. तिने पाहिलं आणि मी पाहू दिलं, इतकंच मला माहीत आहे. शरण जाणं म्हणजे गुडघे टेकणं असं मी समजत होते. माझ्यासाठी ते 'दुखतंय' एवढा एक शब्द बोलणं होतं.

त्या जत्रेतच, आईला सांगितल्याच्या दुसऱ्या सकाळी, मी ओसरीवर पुढच्या रांगेत, आईशेजारी बसले. लिंग डाव्या हातावर घेतलं तर मनगट खाली कलू लागलं. आईने आपला तळहात माझ्या हाताखाली ठेवला आणि पूजा होईपर्यंत तसाच राहू दिला.